न भाजलेल्या मातीवरची आक्का

“हे कुणालाही खरं वाटणार नाही. आजवर एकालाही वाटलेलं नाही, आणि त्यात माझा सख्खा मेहुणाही आला, जो स्वतः तिथे हजर होता.”

असं मी व्याह्यांना आधीच सांगून टाकलं. मागाहून कटकट नको.

लेकीच्या लग्नानंतर व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला आले होते. व्याही जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. माणूस कमी बोलणारा, आणि बोललाच तर आकडा विचारणारा. विहीणबाई त्यांच्याहून कमी बोलत. हवापाणी बोलून झालं, दोन्हीकडचे गुडघे बोलून झाले, आणि मग खोलीत नुसता चमच्यांचा आवाज उरला. अशा वेळी व्याह्यांची नजर भिंतीवरच्या काचेच्या कपाटाकडे गेली.

“नातवासाठी आत्तापासून खेळणी?” ते म्हणाले.

“खेळणी नाहीत ती,” मी म्हटलं. “टोळी आहे.”

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “झालं सुरू. भाजी वाढू का कुणाला?”

कुणाला नको होती. मग मी सांगायला घेतलं.

आमचा एक खेळ आहे. बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे पुतळे मिळतात, सुट्या हातापायांचे. ते कापून काढायचे, चिकटवायचे, रंगवायचे, प्रत्येकाला पायाखाली एक चकती द्यायची आणि त्या चकतीवर जमीन तयार करायची. मग टेबलावर पडक्या कारखान्यांची वस्ती मांडायची आणि आपली टोळी समोरच्याच्या टोळीवर सोडायची. फाशांवर मारामारी. सगळं पुढच्या कुठल्यातरी काळातलं, दुसऱ्या ग्रहावरचं. तिथे खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, नळाला पिवळं पाणी येतं आणि कायदा फक्त जिन्यापर्यंत असतो. खेळणारे आम्ही सगळे साठी ओलांडलेले. गोळी लागली की पुतळा आडवा करायचा, आणि तो करताना आपलीच कंबर धरायची.

मी जन्मभर कवळ्या केल्या. माणसाच्या तोंडात बसणारा खोटा दात खऱ्या दाताशेजारी ओळखू येऊ नये, हे माझं काम. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ब्रश कुठे ठेवायचा हा प्रश्नच नव्हता. फरक एवढाच की गिऱ्हाइकं लहान झाली आणि तक्रार करेनाशी झाली. माझ्या टोळीतल्या प्रत्येक गुंडाचे दात मी आठवणीतल्या एकेका गिऱ्हाइकाच्या रंगाचे केले. भोंग्याचे दात एका निवृत्त न्यायाधीशांचे आहेत. साखळ्याचे दात आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे. ग्रह विषारी, माणसं रानटी, पण तोंड उघडलं की घराणं दिसतं.

“आणि ही मधली?” व्याह्यांनी विचारलं.

“ती आक्का. टोळीची म्होरकी. हातात तोफ नाही, नळाचा तुकडा आहे. तोफ पाठीवर.”

आक्काचे डोळे मी तीन केसांच्या ब्रशने काढले. श्वास रोखून. ते इतके जमले की दुसऱ्या दिवसापासून आमची मांजर त्या खोलीतून जाताना भिंतीला घासून जायला लागली. ही तर साडी बदलायच्या आधी आक्कावर रुमाल टाकायची. तिच्या नळावर गंज केला तो त्याहून वरचढ. आधी तपकिरी, मग नारिंगी ठिपके, मग काळपट पातळ पाणी फटींतून सोडलं, मग कोरड्या ब्रशने कडा उजळल्या. खालच्या मजल्यावरचा नळवाला आमची मोरी बघायला आला होता. त्याने आक्काला उचलून बघितलं आणि नळाचं टोक त्याच्या अंगठ्यात गेलं. गडी पांढराफटक. तसाच दवाखान्यात पळाला, आक्काला हातात घेऊन. डॉक्टरांनी जखम बघितली, मग आक्काला बघितलं, आणि निमूट धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं.

“पण प्लॅस्टिक ना ते?” व्याही म्हणाले.

“प्लॅस्टिकच.”

“मग गंज?”

“रंगवलेला.”

“आणि इंजेक्शन?”

“ते खरं.”

व्याह्यांनी घास घेतला आणि बराच वेळ चावला.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा होता जेवणाच्या टेबलाचा. हिने हौसेने निवडलेलं, सहा माणसांचं, सागवानी. त्यावर आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक पुतळा आला. त्याच्यामागे रंगाच्या बाटल्या आल्या. बाटल्यांमागे दिवा आला, दिव्यामागे भिंग, आणि मग कवळ्यांच्या प्लॅस्टरचा एक पडका कारखाना आला, ज्याच्या धुराड्यामुळे पलीकडे बसलेलं माणूस दिसेना. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. ही सोशिक बाई आहे.

पण आमच्या खेळात एक गोष्ट प्रत्येकाच्या हातून होते. उजवीकडे चहा असतो, डावीकडे ब्रश धुवायचं पाणी असतं, लक्ष पुतळ्यात असतं. ब्रश चहात जातो आणि पाणी पोटात जातं. माझं तर दोन्ही इतक्यांदा झालं होतं की मला चहाची खरी चव कुठली हेच सांगता येईना. त्या दिवशी मात्र माझ्याशी बोलता बोलता हिनेच कप उचलला. गंजाचं पाणी होतं ते. मी विचारलं, “साखर बरोबर आहे का?” इथे माझं चुकलं.

“अहो,” ही म्हणाली. एवढंच म्हणाली आणि थांबली. ‘अहो’नंतर ही थांबली की मी हातातलं खाली ठेवतो. “माझं टेबल मला परत हवंय.”

“अगं, पण स्पर्धा तोंडावर आलीय...”

“त्याच स्पर्धेत ठरू दे. अंतिम सामना भाऊशीच होणार ना तुमचा? दरवेळी होतो. भाऊ जिंकला तर टेबल माझं आणि हा सगळा बाजार माळ्यावर. तुम्ही जिंकलात तर मी जन्मात टेबलाचं नाव काढणार नाही.”

आमच्या माळ्यावर माणसाला फक्त आडवं पडता येतं. आडवं पडून डोळे मिटता येतात, रंगवता येत नाहीत. आणि या वयात शिडी चढून वर गेलो तर खाली कोण आणणार? म्हणजे टेबल गेलं की आक्का गेली, भोंग्या गेला, सगळा ग्रहच गेला. मग मी दिवसभर काय करायचं? हिच्याबरोबर भाजी आणायला जायचं.

हिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, औषधांच्या दुकानाचा मालक. त्याची टोळी म्हणजे टोळीच नव्हे, त्या ग्रहावरचं पोलीसपथक. सगळे पांढरेशुभ्र. प्रत्येक जण स्पंजाच्या खोबणीत स्वतंत्र निजवलेला, गोळ्यांच्या पाकिटासारखा. चकत्यांवर करड्या फरशा, त्यासुद्धा पुसलेल्या. मी एकदा म्हटलं, “मेहुणे, तुमच्या ग्रहावर फरशी पुसायला रोज माणूस येतो वाटतं?” तर म्हणाला, “भावजी, तुमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतो का?”

ते मला लागलं. मी ठरवलं, आक्काच्या पायाखाली अशी घाण करून दाखवायची की बघणाऱ्याने नाकाला पदर लावावा. बाकीचे वाळू लावतात, कॉफीचा चोथा लावतात. मी मोरीच्या पाइपाखालची, वर्षानुवर्षं गळती पिऊन काळी झालेली माती आणली. तीत सुताराकडचा भुसा कालवला, पांढरा गोंद घातला, आणि चकतीवर असा काही चिखल थापला की आक्का त्यात घोट्यापर्यंत रुतलेली दिसावी.

खरी माती वापरायची तर ती आधी ओव्हनमध्ये भाजायची असते. मातीत काय काय निजलेलं असतं, ते मरायला हवं. हे आमच्यात नवशिक्यालाही माहीत असतं. मीही ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो होतो. हिने ओव्हनच्या दाराला पाठ लावली.

“ती कुठली माती आहे?”

“आपलीच. मोरीमागची.”

“ती या ओव्हनमध्ये गेली तर तिच्या मागोमाग तुम्ही घराबाहेर जाल.”

मी ताटली घेऊन परत आलो. म्हटलं, राहू दे. न भाजता काय होणार आहे?

“काय झालं?” व्याही.

“तेच सांगतोय.”

ही पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली, सगळ्यांचे पेले भरले, माझा पेला भरताना माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आत गेली. विहीणबाईंनी ते बघितलेलं मी बघितलं. पण मी काही थांबलो नाही.

स्पर्धा वाचनालयाच्या मागच्या खोलीत. पंच म्हणून चष्मेवाली. तिचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे आणि तिच्या नजरेबद्दल दोन्ही बाजूंना शंका नसते. आमच्या खेळात दिसणं फार महत्त्वाचं. गोळी झाडायची तर पुतळ्याला समोरचा दिसायला हवा, आणि दिसतो की नाही हे वरून बघून ठरत नाही. हनुवटी टेबलाला टेकवायची, पुतळ्याच्या डोक्यामागे डोळा न्यायचा आणि तो काय बघतोय ते बघायचं. चष्मेवाली अशी वाकली की सगळी खोली गप्प व्हायची.

टोळ्या मांडताना मेहुण्याने आक्काच्या पायाशी वाकून वास घेतला.

“भावजी, हे काय आहे?”

“वास्तव,” मी म्हटलं.

तो असा झटकन मागे सरला की त्याच्या कोपराने त्याचाच पाण्याचा पेला कलंडला. सगळं पाणी आक्काच्या चकतीवर. मी पुसायला हात पुढे केला तर म्हणाला, “राहू द्या, तुमच्या आक्काची तेवढीच अंघोळ.” हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. पुढे जे झालं त्याला जबाबदार कोण, ते तुम्हीच ठरवा.

सामना सुरू झाला आणि माझी टोळी धडाधड पडायला लागली. भोंग्या जिन्यावरच गेला, न्यायाधीशांच्या दातांसकट. साखळ्या पळून गेला. मेहुण्याचीही माणसं पडली, पण बेताने, शिस्तीत. शेवटी उरले दोघं. त्याचा कप्तान कारखान्याच्या भिंतीमागे, माझी आक्का धुराड्यामागे. कप्तानाने तिथेच बसून राहायचं, डाव संपला की गुणांवर मेहुणा जिंकला. मला एकच गोळी हवी होती आणि मधे उभी होती मीच प्लॅस्टरची ओतलेली भिंत. चांगली जाड ओतली होती. कामात मी कधी हयगय केली नाही.

मला माळा दिसायला लागला.

“झाडायचंय का?” चष्मेवालीने विचारलं.

“बघा तर दिसतोय का,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

ती वाकली. “नाही. भिंत दिसतेय.” मग उठली नाही. “थांबा. टोपीचा शेंडा दिसतोय.”

“कसा दिसेल?” मेहुणा म्हणाला. “मी मघाशी बघितलं, नव्हता दिसत.”

“आता दिसतोय. आता टोपी दिसतेय.”

सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. आक्का नेहमीसारखीच उभी होती, फक्त जरा वर. तिच्या पायांखालून एक पांढरी, गुळगुळीत, गुबगुबीत अळंबी हळूहळू मान काढत होती. मोरीची माती, सुताराचा भुसा आणि मेहुण्याचं पाणी. आक्का तिच्या डोक्यावर ताठ, नळ हातात, दात स्वच्छ. लिफ्टमध्ये उभं राहावं तशी वर चालली होती.

“कपाळ,” चष्मेवाली म्हणाली. दुकानातल्या सवयीने तिने एक डोळा झाकला. “भुवया. डावा डोळा. नाक जरा अंधूक आहे... आता स्पष्ट.”

“हरकत!” मेहुणा ओरडला. “हिची उंची वाढतेय! पुतळ्याची उंची सामना चालू असताना बदलता येत नाही!”

“पुतळ्याची उंची तेवढीच आहे,” चष्मेवाली टेबलावरून हनुवटी न उचलता म्हणाली. “पुतळा जमिनीला चिकटलेला आहे?”

“आहे,” मी म्हटलं.

“जमीन चकतीला धरून आहे?”

“आहे.”

“चकती टेबलावर आहे?”

“हलवलेलीही नाही.”

“मग मधल्या मधे काय उगवलं त्याबद्दल नियम गप्प आहेत. कप्तानाची सगळी बटणं दिसताहेत. झाडा.”

“भावजी,” मेहुणा हळू आवाजात म्हणाला, “ताईला काय तोंड दाखवू मी?”

“जे आहे ते,” मी म्हटलं, आणि फासा टाकला. एक सोडून काहीही चाललं असतं. पाच आले. कप्तान आडवा. त्याला आडवा करताना मेहुण्याने त्याच्या पाठीखाली रुमाल घातला, रंगाला ओरखडा नको म्हणून.

“आणि ती अळंबी?” व्याह्यांचा हात ताटात तसाच थांबला होता. “ती किती उंच गेली?”

“आकडा नाही सांगता येणार. आमच्या खेळाची मोजपट्टी छोटी असते, ती संपली.”

“अंदाजे?”

“खोलीतला दिवा गेला ना तिच्यामुळे. आक्काचा नळ बल्बमध्ये घुसला. अंधारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मेहुणाच स्टुलावर चढला आणि त्याने आक्काला खाली घेतलं. अगदी दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला घ्यावं तसं. स्वभावाने चांगला आहे तो, फक्त फार धुतलेला आहे.”

व्याह्यांनी मान डोलावली. त्यांना अळंबीचं काही वाटलं नव्हतं. मोजणीखात्यात माणसाने याहून मोठं बरंच काही उगवलेलं पाहिलेलं असतं. रिकाम्या जागेवर तिमजली घरं वगैरे. त्यांना फक्त उंची मिळाली नव्हती, ते खटकत होतं.

“मग टेबल?” ते म्हणाले.

“टेबल राहिलं!” मी म्हटलं. आता मला चांगलाच हुरूप आला होता. “मेहुण्याने तिथूनच हिला फोन केला. म्हणाला, ताई, गेलं गं टेबल. मी घरी आलो तर हिने स्वतःच्या हाताने भिंगाची काच पुसून ठेवली होती. शब्दाची पक्की बाई. त्या दिवसापासून टेबलावर आख्खी वस्ती आहे बघा. या टोकाला कारखाना, त्या टोकाला धुराडं, मधे सांडपाण्याचा नाला, त्यात खऱ्यासारखं पिवळं पाणी. बोट ठेवायला जागा नाही. ताट जाऊ द्या, आजतागायत त्या टेबलावर कुणी साधी चमचाभर कोशिंबीर...”

विहीणबाईंनी दोन्ही हातांनी आपलं ताट उचललं. खाली वाकून बघितलं. मग लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि जेवण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

“अहो व्याही, मग मी मघापासून जेवतेय ते कशावर?”